पात्राचा स्वभाव उपमा, बोली, प्रतीक आणि उपरोधातून कसा उलगडायचा: कथा लिहिणाऱ्यांसाठी टप्पेवार मार्गदर्शन

नवख्या कथेत पात्राची ओळख बहुधा पहिल्याच परिच्छेदात उरकलेली असते. ‘तात्या तापट, पण मनाने प्रेमळ होते.’ वाचकाने ते मान्य करायचं आणि पुढे जायचं. मग लेखकाला वाटतं की भाषा जरा कोरडी झाली, म्हणून तो उपमा आणतो, पाऊस आणतो, वडाचं झाड आणतो. हे सगळं तात्यांच्या आजूबाजूला उभं राहतं. तात्या कुठेच दिसत नाहीत.

आपण अलंकार शिकतो ते व्याकरणाच्या तासाला, ओळखून गुण मिळवायला. त्यामुळे अलंकार म्हणजे भाषेवर चढवायचा दागिना ही समजूत घट्ट बसते. कथेत त्याचं काम वेगळं असतं. बहुतेकांना उपमा, प्रतीक, उपरोध ही साधनं येत नाहीत असं नाही, पण ती वापरण्याचा क्रम उलटा होतो. खालचा क्रम दोन ते साडेतीन हजार शब्दांच्या कथेसाठी आहे.

सगळ्या टप्प्यांना एकच उदाहरण घेऊ. सांगलीच्या गणपती पेठेत हळद-मसाल्याची जुनी पेढी आहे. ऑगस्ट २०१९, कृष्णेचं पाणी चढतंय. पेढीचे दिवाणजी मालकाच्या वह्या माडीवर पोचवण्यात गुंतलेत. त्यांचं स्वतःचं घर गावभागात, नदीच्या अंगाला.

तयारी: दोन कागद

पहिल्या कागदावर एकच वाक्य लिहा. प्रामाणिक, कष्टाळू, स्वाभिमानी हे शब्द त्यात नकोत, ते चारित्र्याच्या दाखल्यावर शोभतात. वाक्याचा साचा असा: हा माणूस कोणासाठी काय करतो, कोणासाठी तेच करत नाही, आणि त्याला स्वतः काय नाव देतो.

दिवाणजींचं वाक्य: ‘मालकाच्या वह्या भिजू नयेत म्हणून ते जीव टाकतात, घरच्यांना मात्र थांबायला सांगतात, आणि याला जबाबदारी म्हणतात.’

या वाक्यात फट आहे. स्वभाव दिसतो तो त्या फटीतून. ज्या वाक्यात ‘पण’ किंवा ‘मात्र’ आणावंच लागत नाही, त्या पात्रावर प्रसंग होईल, कथा होणार नाही.

दुसऱ्या कागदावर पात्राच्या रोजच्या जगातल्या किमान पंचवीस वस्तू लिहा. फक्त नामं, विशेषणं नाहीत. रोजमेळ, खतावणी, तागाची पोती, सुतळी, दाभण, काटा, वजनं, कुलपाची किल्ली, हळदीने पिवळी पडलेली नखं (इथे विशेषण चालेल, कारण तो धंद्याचा डाग आहे). मग तीन खुणा करा: रोज हात लागतो अशा वस्तू, दुसऱ्याने हात लावला तर राग येतो अशा, आणि कोणाला दिसू नयेत अशा. कथेला लागणारी वस्तू बहुतेक वेळा दुसऱ्या खुणेत सापडते.

*सावधान:* खऱ्या घटनेवर कथा बेतत असाल तर तिचे आकडे आधी पक्के करा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, २००५ च्या पुरालाही मागे टाकून. तुमच्या कथेत ते ४८ ला ओसरलं तर सांगलीचा वाचक तिथेच अंक मिटेल.

टप्पा १: बघणारा ठरवा

उपमा सुचण्याआधी हे ठरलं पाहिजे. कोणाच्या डोळ्यांतून कथा दिसतेय?

पहिल्या काही कथांसाठी तृतीयपुरुषी निवेदन घ्या, पण एकाच पात्राच्या खांद्यावरून. ‘दिवाणजींनी पाहिलं’ असं लिहायचं आणि जे दिवाणजींना दिसत नाही ते लिहायचं नाही. प्रथमपुरुषी निवेदन सोपं वाटतं, पण त्यात पात्राला स्वतःबद्दल जे कळलेलं नाही ते वाचकाला कळवावं लागतं, आणि ते हात बसल्याशिवाय जमत नाही. सगळं जाणणारा निवेदक मोठ्या पटाला बरा. छोट्या कथेत तो दर दोन परिच्छेदांनी एकेकाच्या मनात डोकावतो आणि कोणाचाच राहत नाही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे निवेदन घसरणं. ‘दिवाणजींनी फोन ठेवला आणि तिकडे वैनींच्या डोळ्यांत पाणी आलं.’ वैनी म्हणजे दिवाणजींची बायको, ती घरी आहे. दिवाणजी पेढीवर आहेत, त्यांना ते डोळे कसे दिसले? एवढं एक वाक्य पुरतं. त्यानंतरची प्रत्येक उपमा लेखकाची होते.

*तपासणी:* प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलने बघणाऱ्याचं नाव लिहा. एकाच परिच्छेदात दोन नावं आली तर तो फोडा.

टप्पा २: अलंकाराविना खर्डा

मुख्य प्रसंग चारशे ते पाचशे शब्दांत लिहून काढा. सारखा, जणू, प्रमाणे, भासला हे शब्द बंद. भावनेचं नावही बंद: राग, दुःख, ओलावा काहीच नको. पात्राचे हात काय करतात तेवढंच.

> पाणी रस्त्यावर आलं होतं. दिवाणजींनी फळीवरच्या वह्या खाली घेतल्या, सालवार लावल्या, गठ्ठे सुतळीने बांधले आणि प्रत्येकावर चिठ्ठी खोचली. हमाल पहिला गठ्ठा उचलायला वाकला तसं त्यांनी त्याला थांबवलं, खांद्यावरचा पंचा पुढे केला. ‘हात पूस आधी.’

रस्त्यावर पाणी असताना हा माणूस वह्या सालवार लावतोय. ‘शिस्तप्रिय’ लिहायची गरज उरली का? पंचा स्वतःच्या खांद्यावरचा आहे, पण काळजी हमालाच्या हातांची नाही, वहीच्या पुठ्ठ्याची आहे.

हा टप्पा लोक टाळतात, कारण असा खर्डा बोडका दिसतो. दिसू दे. त्यातून पात्र थोडंही कळत नसेल तर दोष प्रसंगात आहे, आणि तो उपमेने बुजत नाही. अशा वेळी पहिल्या कागदावरचं वाक्य काढा आणि पात्राला असं काम द्या ज्यात त्याला दोनांतलं एक निवडावं लागेल.

टप्पा ३: उपमा आणि रूपक

आता उपमा. ज्याची तुलना करतो ते उपमेय, ज्याच्याशी करतो ते उपमान, हे सगळ्यांना पाठ असतं. कथेसाठी त्यात एक भर घाला: उपमेय समोर असतं, उपमान बघणाऱ्याच्या डोक्यातून येतं. म्हणून उपमा पाण्याबद्दल थोडं सांगते आणि पाणी बघणाऱ्याबद्दल बरंच सांगते.

एकच पाणी तीन डोळ्यांनी बघू.

दिवाणजी: ‘पाणी उधारीसारखं चढत होतं. दिवसभर जाणवत नाही, रात्री बेरीज मांडली की कळतं.’

हमाल: ‘पाणी पोटरीला लागलं तसं पायाला अर्धं पोतं बांधल्यागत झालं.’

घरी असलेल्या वैनी: ‘पाणी उंबऱ्याबाहेर थांबलं होतं, न बोलावता आलेल्या नणंदेसारखं. आत या म्हणायची सोय नाही आणि घालवायचीही नाही.’

पाण्याचं वर्णन तिन्हींत जेमतेम आहे. पण पहिल्यात हिशेबावर जगणारा माणूस आहे, दुसऱ्यात वजनावर. तिसऱ्यात तर एका घरातली आख्खी वागणूक आलीय, नणंद कथेत कुठेही नसली तरी. आता याच जागी ‘पाणी अक्राळविक्राळ राक्षसासारखं धावून आलं’ हे ठेवून बघा. हे वाक्य तिघांपैकी कोणाच्याही तोंडी बसतं, म्हणजे कोणाचंच नाही.

उपमान शोधायची जागा म्हणजे तयारीतला दुसरा कागद. तिथे नसेल तर पात्राचं बालपण, माहेर किंवा आजारपण यांतून घ्या. त्याबाहेर जाऊ नका.

इथे काय काय बिघडतं?

पात्राच्या आवाक्याबाहेरचं उपमान येतं. जन्म कृष्णाकाठी गेलेल्या माणसाला पदोपदी समुद्राच्या लाटा आठवतात. आटपाडी-जतकडच्या माणसाच्या डोळ्यांतून पूर दाखवत असाल तर उलट संधी आहे, कारण त्याला पाणी म्हटलं की टँकर आणि त्यापुढची घागरींची रांग आठवेल.

एकावर एक उपमा येते. दोन सुचल्या की दोन्ही ठेवायचा मोह होतो. दुसरी पहिलीला पुसते. कमी ऐटदार असेल ती ठेवा, बहुतेक वेळा तीच पात्राची असते.

धांदलीत उपमा येते. पाणी गुडघ्याला लागल्यावर कोणी तुलना करत बसत नाही. तिथे वाक्यं आखूड करा, क्रियापदं राहू द्या. अपवाद एकच: पात्र घाबरून आपल्या ओळखीच्या जगात पळत असेल तर. दिवाणजी गुडघाभर पाण्यात उभे राहून पोत्यांची बेरीज करत असतील तर ती उपमा नसून त्यांचा आडोसा आहे. मग ती लांबवा, खुशाल.

रूपकाचं काम उपमेहून वेगळं आहे, आणि इथे गल्लत फार होते. उपमेत माणूस अजून तोलत असतो. रूपकात निकाल लागलेला असतो. ‘थोरला त्यांना बुडीत खात्यासारखा वाटे’ म्हटलं तर दिवाणजींच्या मनात मुलाबद्दल अजून थोडी खळखळ आहे. ‘थोरला हे बुडीत खातं होतं’ म्हटलं की दार बंद. म्हणून कथेच्या सुरुवातीला रूपक फेकू नका. आधी ‘सारखा’ येऊ द्या, आणि पात्राचं मत गोठलं त्या क्षणी तो शब्द काढा. हा बदल वाचकाला दाखवून द्यावा लागत नाही, कानाला लागतो. उलट दिशेनेही करता येईल: निकाल लावून बसलेला बाप शेवटी पुन्हा ‘सारखा’वर आला, तर तो मऊ पडलाय.

किती वापरायच्या? तीन हजार शब्दांत सहा ते आठ उपमा पुष्कळ झाल्या. स्पर्धेचे काही परीक्षक अलंकारिक भाषेवर खूश होतात हे खरं, पण कथा त्यांच्यासाठी लिहायची की नाही ते तुम्ही ठरवा.

*तपासणी:* उपमा कापून दुसऱ्या पात्राच्या तोंडी लावून बघा. बसली तर ती कथेतून काढा.

टप्पा ४: संवाद, संबोधन, बोली

संवादातून स्वभाव दाखवायचा म्हणजे पात्राने स्वतःबद्दल बोलायचं असं नाही. ‘मी असा सरळ माणूस, मला लबाडी जमत नाही’ हे वाक्य लबाड पात्राला द्यायचं असेल तरच ठेवा.

> ‘पाणी पायरीला लागलंय.’
> ‘कितव्या?’
> ‘तिसऱ्या. येताय न्हवं?’
> ‘वर अजून दोन आहेत की. वह्या तेवढ्या माडीवर गेल्या की निघतोच.’
> ‘आई विचारायल्यात.’
> ‘तिला म्हणावं, दोन हजार पाचला पाणी उंबऱ्याला टेकून गेलं. आत नाही आलं.’

‘कितव्या?’ हा एक शब्द बघा. बायको भीती सांगते, नवरा आकडा विचारतो. ती तिसरी म्हणते आणि तो उरलेल्या मोजतो. आई विचारतेय म्हटल्यावर ‘तिच्याकडं फोन दे’ हे वाक्य आलं नाही. जे आलं नाही ते कथेत सर्वांत मोठ्याने वाजतं, आणि त्यासाठी आधी ते अपेक्षित होईल अशी जागा करावी लागते. ‘आई विचारायल्यात’ नसतं तर ती गैरहजेरी कळलीच नसती.

संबोधन हे मराठी कथाकाराच्या हातातलं स्वस्त आणि धारदार साधन आहे, ते वाया घालवू नका. दिवाणजी मालकांना ‘बसा की मालक, मी बघतो’ म्हणतात आणि हमालाला ‘लेका’. आणखी एक पाऊल पुढे जा: वह्यांबद्दल बोलताना ते ‘ह्यांना भिजवू नको’ म्हणतात. निर्जीव वस्तूला आदरार्थी सर्वनाम आणि जिवंत माणसाला एकेरी. चेतनगुणोक्तीचा, म्हणजे निर्जीवाला सजीव मानून बोलण्याचा, याहून चांगला उपयोग कथेत क्वचितच होतो. आता शेवटाकडे त्यांच्या तोंडून हमालाला एकदाच ‘बाबा’ निघू द्या. बदल एकदाच करा, दोनदा केलात तर युक्ती उघडी पडते.

बोलीबाबत तीन गोष्टी सांभाळा.

बोली उच्चारापेक्षा रचनेत असते. ‘करायलाय’, ‘आलासा’, ‘जावा की आता’, ‘लागलंय न्हवं’ एवढ्याने सांगली कानावर येते. प्रत्येक शब्द मोडून लिहिला तर वाचक अडखळतो.

सगळ्यांना एकच बोली देऊ नका. दिवाणजींचं घर गावभागात, आयुष्य कागदात, त्यामुळे त्यांची भाषा प्रमाणाकडे झुकेल. हमाल कवठेमहांकाळकडचा असेल तर त्याची वेगळी. मालकाचा इंजिनिअर झालेला मुलगा पुण्याची भाषा बोलायचा प्रयत्न करेल आणि चिडला की मूळ बोलीवर येईल. ती घसरण हाच त्याचा स्वभाव.

आणि बोली म्हणजे विनोद नव्हे. अडाणी, गमत्या पात्रालाच बोली आणि शहाण्याला प्रमाण भाषा अशी वाटणी केलीत की लेखकाचाच स्वभाव उघड होतो.

टप्पा ५: प्रतीक

प्रतीक शोधायला बाहेर जाऊ नका. विझणारी पणती, तुटलेली फांदी, उडून गेलेला पक्षी यांना आता विश्रांती द्या. आधीच्या टप्प्यांत एखादी वस्तू पात्राच्या हाताखाली किंवा डोळ्यापुढे दोनदा आलेली असते, तिलाच वर आणा.

इथे ती आहे पेढीच्या भिंतीवर २००५ च्या पुराची तेलरंगाने मारलेली रेघ. तिला आधी स्वतःचं साधं काम असलं पाहिजे: पाणी कुठवर आलं होतं ते दाखवणं. काम नसलेली वस्तू प्रतीक म्हणून उभी केली की ती नाटकातल्या पडद्यासारखी हलते.

तीन वेळा आणा. पहिल्यांदा माहिती म्हणून: दिवाणजी रेघेच्या वर हातभर जागा सोडून पोती रचायला सांगतात. दुसऱ्यांदा आधार म्हणून: हमाल ‘घरला जावा’ म्हणतो तेव्हा ते बोलत नाहीत, रेघेकडे बघतात. तिसऱ्यांदा रेघ पाण्याखाली असते. तिन्ही वेळी वस्तू तीच, पात्राचं तिच्याशी नातं बदललेलं. ते बदलत नसेल तर ती नुसती पुनरुक्ती झाली.

*सावधान:* ‘ती रेघ म्हणजे त्यांच्या आयुष्याची मर्यादाच होती’ हे वाक्य तुमच्या मनात येईल, लिहून झाल्यावर हमखास येईल. लिहू नका.

टप्पा ६: उपरोध

उपरोध म्हणजे टोमणा नव्हे. कथेत नाट्यात्म उपरोध कामाला येतो: वाचकाला जे ठाऊक आहे ते पात्राला ठाऊक नाही. इथे तो आयता मिळालाय. दिवाणजी २००५ च्या रेघेवर भिस्त ठेवून आहेत, आणि वाचकाला २०१९ चं पाणी ठाऊक आहे. त्यामुळे ‘आत नाही आलं’ हे साधं वाक्य पोटात गोळा आणतं.

पण नागपूरच्या वाचकाला ही पातळी माहीत असेलच असं नाही. म्हणून कथेतच एक खूण पेरा, दिवाणजींना दिसते पण ते तिचा अर्थ लावत नाहीत अशी. उदाहरणार्थ, पाणी अजून रस्त्यावरच असताना रेघेच्या वरचा गिलावा ओलसर लागतो आणि ते हात पुसून कामाला लागतात. खूण एकच, आणि कथेच्या पहिल्या एक तृतीयांश भागात. उशिरा पेरलीत तर ती पूर्वसूचना न राहता खुलासा होते.

उपरोध पात्राची टिंगल करायला वापरू नका. दिवाणजी मूर्ख नाहीत. त्यांच्याजागी असते तर अनेकांनी त्याच रेघेवर विश्वास ठेवला असता. वाचकाला हे पटलं तरच त्यांची चूक मनाला लागते.

टप्पा ७: छाटणी

कथा आठवडाभर बाजूला ठेवा. मग लाल पेनाने फक्त एवढं:

१. स्वभाव सांगणारी विशेषणं गोल करा. ज्याच्या आसपास कृती आहे ते विशेषण काढा. ज्याच्या आसपास नाही, तिथे कृती लिहा आणि मग विशेषण काढा.

२. ‘जणू काही’, ‘एखाद्या’, ‘सारखा’ मोजा. ‘एखाद्या’ नंतर येणारं उपमान बहुधा उसनं असतं.

३. पात्रांची नावं झाकून संवाद मोठ्याने वाचा. कोण बोलतंय ते कळायला हवं.

४. शेवटचा परिच्छेद झाकून बघा. कथा त्याच्या आधीच संपली असेल तर तो स्वभावाचा खुलासा करतोय.

त्यानंतर कथा न वाचलेल्या तिघांना ती द्या. ‘आवडली का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. कथेत नसलेला प्रसंग विचारा: ‘पूर ओसरल्यावर मालकाने दिवाणजींना महिन्याचा पगार आगाऊ देऊ केला, तर ते घेतील का?’ उत्तर हो की नाही याला महत्त्व नाही. त्यामागचं कारण कथेतल्या कुठल्या ओळीवरून दिलं ते नीट ऐका. तिघांनीही कुठल्या ना कुठल्या ओळीवर बोट ठेवलं तर कथा पाठवायला हरकत नाही. ‘तो तसा चांगला माणूस वाटतो म्हणून’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या टप्प्याचा बोडका खर्डा पुन्हा काढा आणि तिथून सुरू करा.